घोटलेला उतार

धर्मा गवंड्याच्या हातचा कोबा बघायला लोक वाट वाकडी करून यायचे. सिमेंटची जमीन ती, तिच्यात बघण्यासारखं काय असणार, असं एखाद्याला वाटेल. पण एकदा पाहिल्यावर तो माणूस पुन्हा असं बोलत नसे. धर्माच्या बापानं मरताना पोराला दुसरं काही दिलं नाही, एक गोटा दिला. तानसेच्या पात्रातला, अंड्याएवढा, काळा, हाताला थंडगार. कोबा अर्धामुर्धा सुकला की वर सिमेंटचं पाणी शिंपडायचं आणि ओणवं बसून हा गोटा फिरवत राहायचं. कंबर मोडून आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी हात थांबवायचा नाही. मग जमिनीत छपराचे वासे दिसायला लागायचे. माणिकपूरच्या एका दुकानदारानं तर आपल्या दुकानातल्या कोब्यावर सहा महिने गोणपाट टाकलं नव्हतं, गिऱ्हाइकांनी बघावं म्हणून.

त्या साली मात्र आषाढ निम्मा सरला तरी धर्माची थापी गोठ्याच्या आढ्याला गंजत लटकली होती. गोटा गुरांच्या दावणीमागच्या कोनाड्यात, शेणकुटांच्या आड होता. विरारकडून बंगल्याचं काम घेऊन माणूस आला, त्याला धर्मानं चहासुद्धा न विचारता परत धाडलं. गाव चांदीपपासून तासाभराच्या चालीवर, खाडीच्या अंगाला. पावसाळ्यात तिथं भातलावणीशिवाय काम नाही. स्वतःचं वाफ्याएवढं शेत आटोपलं की धर्मा बायकोबरोबर, रंभेबरोबर, दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायला लागला.

आता गवंड्याला लावणी कुठली जमायला? बायका ओळीनं वाकून भराभर मागे सरकायच्या आणि हा बाप्या शेवटी एकटाच राहायचा, गुडघाभर चिखलात, वाकडीतिकडी रोपं रोवत. मागून येणाऱ्या मुकादमानं त्याच्या रोपांची दोन चुडं उपटून पुन्हा लावली. बायकांनी तोंडाला पदर लावले. रंभेनं ते पाहिलं. तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या, पाय टेकवत नव्हता, पण तिला त्या दुखण्याचं काही वाटलं नाही. नवऱ्याला लोक हसले याचं वाटलं.

आणि धर्माचं लक्ष कुठंच नव्हतं. तो बांधाकडे बघत होता. बांधावरून कुणीतरी येत होतं.

थप. थप. मग सर्रर्र. पुन्हा थप, थप, सर्रर्र.

ऊन पडलं होतं, बांध मोकळा होता, बगळे बसले होते. आवाज मात्र जवळ येत गेला, त्याच्या मागच्या बाजूला थांबला, आणि शेवटी पत्र्यावर काहीतरी आपटावं तसा एक आवाज झाला. टण्ण.

दोन्ही हातांतली रोपं सोडून धर्मा पाण्यात मटकन बसला. रंभा म्हणाली, बेडूक असतील. बेडूक टण्ण असं करत नाहीत हे तिलाही माहीत होतं.

तो आवाज कमळीचा होता, हे धर्माला सांगायला कुणी नको होतं.

कमळी म्हणजे वरच्या आळीतल्या चांगुणाकाकीची मुलगी. दोन वर्षांची होती तेव्हा ताप आला आणि पाय कायमचे गेले. तळहातांत रबरी चपला घालायची, गुडघ्यांना ट्रकच्या टायरचे तुकडे सुतळीनं बांधायची आणि सगळं गाव फिरायची. आधी एक हात, मग दुसरा, मग मागचं अंग ओढून घ्यायचं. गळ्यात नाडीनं बांधलेली बिस्किटाची चपटी पत्र्याची पेटी. तिच्यात कागद, अपंगाचा दाखला, फोटो, अर्जाच्या नकला. दिवसभर पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचायची आणि बोलायला लागली की भल्याभल्यांची बोलती बंद करायची. एसटीच्या थांब्याजवळ टपरीपुरती जागा मिळावी, एवढं तिचं मागणं. त्यासाठी ती पाच वर्षं ग्रामपंचायतीत खेपा घालत होती.

जुन्या पंचायतीला सहा पायऱ्या होत्या. कमळी खाली अंगणात बसायची आणि शिपाई वही घेऊन खाली यायचा, उपकार केल्यासारखा. धुळीत वही ठेवून तिनं सही करायची. येणारे-जाणारे तिला वळसा घालून वर जायचे. एका ग्रामसभेला ती खालूनच ओरडून म्हणाली होती, की मी या गावची हाय का नाय ते एकदा ठरवून टाका. त्या दिवशी लोक हसले, पण नंतर नव्या इमारतीचं निघालं तेव्हा सरकारी कागदातच लिहून आलं: सार्वजनिक इमारत आहे, अपंगांसाठी उतार पाहिजे, नसला तर इमारत पास होणार नाही. अपंगांचा कायदा होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या गावापर्यंत तो असा, नकाशाच्या एका कोपऱ्यात काढलेल्या तिरप्या रेघेतून आला. बांधकाम धर्माकडे आलं. सगळ्यात जास्त आनंद कमळीला झाला.

ती रोज येऊन चिंचेखाली बसायची. पानं टाचता टाचता धर्माच्या कामावर देखरेख. जोतं अडीच फूट वर उचललेलं, कारण उधाणाच्या भरतीला पाऊस मिळाला की खाडी गावात शिरते. त्यासाठीच दाराला काळ्या दगडाचा वीतभर उंच उंबरठा बसवला, गावच्या रिवाजाप्रमाणे. सरपंच जयवंतनं त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. समोर झेंड्याचा ओटा बांधला. आणि बाजूनं तीस फुटांचा उतार, मध्ये एक वळण घेऊन, थेट दारापर्यंत.

वसईहून ओव्हरसियर आला होता. त्यानं धर्माला नकाशा दाखवून समजावलं, की बारा फुटांना एक फूट चढ, कठड्याला पाईप येतील, आणि वरचा थर खरखरीत ठेवायचा, आडव्या रेघा मारायच्या. जाताना फटफटीवर बसून पुन्हा सांगितलं, घोटू नका म्हणून. धर्मानं मान डोलावली.

त्याच दुपारी कमळीनं गुडघ्यांवरचे टायर सोडले होते. धर्माची नजर गेली. जू घासून बैलाच्या मानेवर जसे घट्टे पडतात तसे तिचे गुडघे झाले होते, आणि त्या घट्ट्यांनाही भेगा पडून रक्त आलेलं होतं. रस्त्याची खडी सोलते, ती म्हणाली. तिनं काही मागितलं नव्हतं. पण धर्माच्या मनात आलं. खरखरीत करायचं म्हणजे हिचे गुडघे पुन्हा सोलायचे? आणि आता खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. खरखरीत काम तो गोठ्यात करायचा, शेण-मुताला गाय घसरू नये म्हणून. पंचायतीच्या तोंडावर धर्मा गवंड्यानं गोठ्यासारखं काम केलं असं लोकांनी म्हणावं, हे त्याला सोसलं नसतं.

त्यानं बापाचा गोटा काढला. दोन दिवस तीस फूट उतारावर ओणवा बसला. मे महिन्याचं ऊन पाठीवर घेतलं. उद्घाटनाला साहेब आले, उताराच्या चकाकीत त्यांना आपले बूट दिसले आणि ते वा म्हणाले. कठड्याचे पाईप आले नाहीत, पण त्या दिवशी त्याची आठवण कुणाला झाली नाही. कमळी सगळ्यांच्या आधी चढून गेली. सर्रर्र करत. दारापाशी पोचून तिनं मागे वळून धर्माकडे पाहिलं आणि म्हणाली, "लोण्यावरून आल्यासारखं वाटलं, धर्मादादा."

जून संपता संपता एका सोमवारी ती टपरीच्या कागदासाठी गेली. पाऊस कोसळत होता. धर्मा इमारतीच्या मागच्या भिंतीच्या गिलाव्याला आला होता, कौलांच्या पागोळ्यांखाली अंग चोरून उभा होता. त्याला दार दिसत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. थप, थप, सर्रर्र करत ती वर गेली. टण्ण असा आवाज झाला. आतून ग्रामसेवकाचा आवाज आला, की अगो आत ये, भिजतेस कशाला. मग काहीच नाही. मग एकच लांबच लांब घसरण, वळणावर अडवायला कठडा नव्हता, आणि खाली झेंड्याच्या ओट्यावर डोकं आपटलेलं.

सगळ्यांत आधी धर्मा पोचला. तिला उचललं तेव्हा तळहातांतल्या चपला तशाच होत्या. तिसऱ्या दिवशी वसईच्या दवाखान्यात तिनं प्राण सोडला.

गावानं आपली समजूत काढून घेतली. हट्टी होती. आत ये म्हटलं, पाच माणसांनी ऐकलंय, तरी आली नाही. भर पावसात उलटी फिरली, त्याला कोण काय करणार. मग उताराच्या तोंडाशी दोरी बांधली गेली. दोरीमागे शोभेच्या कुंड्या आल्या. कुंड्यांच्या आडोशाला सरपंचाची मोटारसायकल उभी राहायला लागली. आणि ग्रामसेवक कुणाला तरी म्हणाला, की काही म्हणा, उतार मात्र असा गुळगुळीत उभ्या तालुक्यात नाही. हे धर्माच्या कानावर आलं. त्यानं त्या दिवशी थापी आढ्याला टांगली.

घरात त्याच्या स्वतःच्या हातचा कोबा होता, लग्नानंतर रंभेसाठी केलेला. त्याच्यावर तो पाय ठेवीना. जेवायला गोठ्यात बसायला लागला, शेणानं सारवलेल्या जमिनीवर. भर दुपारी, चार घास खाल्ले की आवाज यायचा. दारातून आत येतोय, चुलीपाशी गेला, आता माजघरात. थप, थप, सर्रर्र. आणि टण्ण. बाकीचं त्याला समजत होतं. शेवटच्या त्या टण्णचा अर्थ लागत नव्हता. उतारावर सगळा कोबा, तिथं पत्र्यावर आपटायला होतंच काय? ते कोडं त्याला आवाजापेक्षा जास्त खात होतं.

रंभेनं अंगारा आणला, उंबरठ्यावर लिंबू ठेवलं. कशानं काही होईना. शेवटी एका सकाळी दोघं रोपं उपटत बसले होते, पाणी झिरपत होतं, तेव्हा धर्मानं तिला सांगून टाकलं. ओव्हरसियरनं घोटू नको म्हणून दोनदा बजावलं होतं. मीच घोटला.

रंभेचे हात थांबले. संजना, त्यांची मुलगी, अठरा वर्षांची झाली होती. माघात तिचं जमवायचं चाललं होतं.

"आनि कोनाला म्हाईत हाय?" रंभेनं विचारलं.

"कोनालाच नाय."

"मंग कोनाला सांगू नका," ती म्हणाली आणि पुन्हा रोपं उपटायला लागली. उपटता उपटता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते कुणासाठी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

श्रावण लागायच्या आधी धर्मा उरलेल्या रोपांचा भारा डोक्यावर घेऊन चांगुणाकाकीच्या शेतावर गेला. शेत कसलं, दोन वाफे. सगळ्या शिवारात तेवढेच लावणीविना काळे राहिले होते. लेक गेल्यापासून म्हातारीनं तिकडे पाहिलं नव्हतं. धर्मानं विचारलं नाही, सांगितलं नाही, एकट्यानं दिवसभर लावणी केली. वेडीवाकडीच केली, पण हसायला कुणी नव्हतं. उन्हं कलायला लागली तेव्हा म्हातारी दारात उभी राहिली आणि चहाला हाक मारली.

आत जाताना धर्मा पडता पडता वाचला. दारातून आत जायचं म्हणजे पाय उचलायचा, ही सवय जन्माची. त्यानं वीतभर पाय उचलला आणि तो धपकन सपाट जमिनीवर आला. दाराला उंबरठाच नव्हता. अंगणाची सारवण तशीच सरळ घरात गेलेली. उंबरठ्याशिवायचं घर त्यानं कधी पाहिलं नव्हतं. गरिबीत जाळला असेल, असं त्याच्या मनात आलं.

भिंतीवर खुंटीला रबरी चपला धुऊन टांगल्या होत्या. शेजारी ती पत्र्याची पेटी. धर्माला पेला तोंडाला लावता येईना. सांगावं म्हणून तो आला होता, सबंध दिवस चिखलात शब्द जुळवले होते, आणि आता तो त्या चपलांकडेच बघत होता.

म्हातारीच म्हणाली, की पंधरा ऑगस्टच्या सभेत उतार मोडायचं ठरवणार आहेत. बळी घेतला म्हणतात त्यानं. तिथं मोटारसायकलींना शेड होणार. ती चुलीत फुंकर घालत बोलत होती, सूर चढवला नव्हता.

"पाच वरसं धुळीत बसली तवा मिळाला तिला तो," ती म्हणाली. "तो मोडला म्हंजी ती गावात कवा नव्हतीच."

धर्मा तसाच उठला. जाताना पुन्हा त्यानं नको तिथं पाय उचलला.

पंधरा ऑगस्टला बारीक पाऊस होता. झेंडावंदन झालं, शाळेच्या पोरांनी गाणं म्हटलं, आणि ओट्याभोवतीच छत्र्या धरून ग्रामसभा बसली. जयवंत काही वाईट माणूस नव्हता. माणिकपूरला त्याचं दुकान, गाव पुढं जावं असं मनापासून वाटायचं त्याला. त्यानं दोन मिनिटं कमळीसाठी उभं राहायला लावलं, आणि मग शांतपणे सांगितलं, की झाला प्रकार दुर्दैवी आहे, आता तो उतार डोळ्यांपुढे नको. पुढं कुणी अपंग आलाच तर शिपाई वही घेऊन खाली येईल, पूर्वी येत होता तसा. माना डोलल्या. मग त्यानं धर्माला हाक मारली. तूच बांधलास, तूच मोड.

धर्मा उभा राहिला. मोडायला हो म्हणायचं, की संपलं. घोटलेल्या कोब्याचे तुकडे खाडीत जातील, ओव्हरसियरची बदली झालीच आहे, लेकीचं लग्न माघात होईल. रंभा बायकांमध्ये बसून त्याच्याकडेच बघत होती. चांगुणाकाकी चिंचेखाली, कमळी बसायची त्या जागी, मांडीवर काहीतरी फडक्यात गुंडाळून बसली होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"उतार खरखरीत ठेव म्हनून सायबानं सांगितलं होतं," धर्मा म्हणाला. "दोनदा. मी आयकलं नाय. मी घोटला. ती हट्टानं नाय मेली. माज्या हातानं मेली."

कुणीतरी खाकरलं. जयवंत पडक्या आवाजात म्हणाला, की धर्मा, हे आता कशाला, झालं ते झालं. रंभेनं खाली मान घातली होती. धर्मानं पिशवीतून हातोडी आणि टाकी काढली. पाट्या-वरवंट्याला लावतात ती टाकी. पाटा गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, मग त्याला ठोकून ठोकून दात पाडावे लागतात. घरोघरच्या बायका हे जाणून होत्या. धर्मानं दोरी सोडली, कुंड्या एकेक करून बाजूला ठेवल्या, मोटारसायकल ढकलून खाली घेतली, उताराच्या पायथ्याशी बसला आणि पहिला घाव घातला.

कुणी थांबवलं नाही. थांबवायचं म्हणजे आधी त्याच्याकडे बघावं लागलं असतं. सभा आपोआप उठली, पोरांना जिलबी वाटली, माणसं घरी गेली. धर्मा ठोकत राहिला. बारा आडव्या रेघा, मग थोडं वर सरकायचं, मग पुन्हा बारा. बापाच्या गोट्यानं दोन दिवसांत आणलेली चकाकी टाकीच्या टोकाखाली पिठासारखी उडत होती. कपच्या डोळ्यांत जात होत्या, अंगठ्याचं नख निळं झालं. आपल्याच मुलाच्या तोंडावर आपण वार करतोय असं त्याला झालं आणि तो एकदा मोठ्यानं रडला. मग नाक पुसून पुन्हा बसला. दुपारी रंभा भाकरी घेऊन आली. तिनं तो गोटाही आणला होता, कोनाड्यातून काढून. तो तिनं झेंड्याच्या ओट्यावर ठेवला आणि पाण्याचा तांब्या घेऊन रेघांमधला चुरा धुवायला लागली. जेवून आलेली माणसं एकेक करून परत जमली.

दारापर्यंत पोचायला चार वाजले. हातोडी दारापाशी ठेवून, टाकी कंबरेला खोचून धर्मा खाली उतरून आला तेव्हा पायथ्याशी चांगुणाकाकी उभी होती. तिनं फडकं सोडलं. रबरी चपला होत्या आणि पेटी होती.

"चढ," ती म्हणाली.

त्यानं पाय उचलला.

"तसा नाय. ती चढायची तसा."

सगळं गाव बघत होतं. धर्मानं खाली बसून चपला तळहातांत घातल्या. त्या त्याला लहान होत होत्या. म्हातारीनं पेटीची नाडी त्याच्या गळ्यात घातली, सारखी केली, लेकीची वेणी सारखी करावी तशी. तो गुडघ्यांवर आला. एक हात, दुसरा हात, मग मागचं अंग ओढलं. थप, थप, सर्रर्र. दीड महिना ज्या आवाजापासून तो पळत होता तो आता त्याच्याच अंगातून येत होता. पावसाचं पाणी रेघांमधून वाहत होतं, पण हात सुटत नव्हता; खरखरीनं तळवे धरून ठेवले होते. गुडघे मात्र सोलत होते. वळणापाशी त्याला धाप लागली. खांदे निखळतील असं वाटलं. कमळी हे हसत करायची.

दारापाशी पोचून त्यानं पुढं वाकून आत हात टाकला, आणि गळ्यातली पेटी दगडावर आपटली.

टण्ण.

धर्मा होता तिथं गोठला. त्याच्या छातीपाशी काळ्या दगडाचा उंबरठा होता. त्यानंच बसवलेला, वीतभर. उभ्या माणसाला तो कधी दिसलाच नव्हता, पाय आपोआप वर जातो. इथून, खालून, तो भिंतीएवढा होता. पलीकडे टेबलाचे पाय, खुर्चीचे पाय, चपला काढून बसलेल्या चार माणसांचे पाय.

ग्रामसेवक खुर्चीतून, सवयीनं, म्हणून गेला, "आत ये की, भिजतोस कशाला."

धर्मानं प्रयत्न केला. हात पलीकडे टाकून अंग वर घेतलं तर लुंगी दगडाला अडकून मांड्यांपर्यंत सरकली. पाय मागे लटकत राहिले. पोटाखाली दगड, समोर चार पुरुष, मागे सगळं गाव. असं उघडं पडून, पालथं पडून आत जायचं होतं तिला. कमळी रोज इथपर्यंत यायची. पेटी आपटायची, आणि ती इथंच थांबायची. नव्या इमारतीतही वही बाहेरच यायची. पूर्वी पायऱ्यांखाली यायची, आता उंबरठ्यापलीकडे यायची, एवढाच फरक झाला होता. त्या सोमवारी पाऊस तिच्या पाठीवर कोसळत होता, आत ये म्हणत होते, आणि आत यायला वाट नव्हती. म्हणून ती फिरली. धर्माला चांगुणाकाकीचं दार आठवलं, आणि तो दोनदा उचललेला पाय.

तो मागे सरकला. उठला नाही. गुडघ्यांवरच बसून त्यानं कंबरेची टाकी काढली आणि उंबरठ्याच्या सांध्यात टेकवली.

जयवंत छत्री टाकून वर धावत आला. म्हणाला, की अरे उंबरठा आहे तो, पूजा केलेली आहे, खाडीचं पाणी आत शिरेल, असा कुणी फोडतं का. धर्माचा हात अडखळला. गवंड्याचाच हात तो. आयुष्यात त्यानं शेकड्यानं उंबरठे बसवले होते, मोडला एकही नव्हता.

"आमच्या घरचा तिच्या बापानं फोडला होता," खालून चांगुणाकाकी म्हणाली. "ती चार वरसांची होती तवा. लोकं म्हनाली, घर बसेल. नाय बसलं. फोड तू."

धर्मानं हातोडी उचलली. गळ्यातली पेटी काढायचं त्याला सुचलं नाही. प्रत्येक घावाला ती दगडावर आपटत राहिली, आणि दगड निघेपर्यंत ती तशीच वाजत होती.